कणीक, खर्ज आणि मोटारगाडी

वऱ्हाडात भजनाला सुरुवात होण्यापूर्वी पखवाजवाल्याचे एक काम असते. भिजवलेल्या कणकेचा गोळा तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर, म्हणजे धुमेवर, थापतो आणि थाप मारून कान देतो. आवाज चढा वाटला तर चिमूटभर कणीक वाढवतो. फारच खाली जाऊन नुसता घुमू लागला तर नखाने थोडी खरवडून काढतो. उजव्या तोंडाची शाई कायमची, तिला हात लावावयाचा नाही. तिकडे गट्ट्यावर हातोडीचे दोन ठोके पुरतात. एवढे होईतो टाळकरी टाळांच्या दोऱ्या बोटांना गुंडाळीत असतात, पोरे पेंगू लागलेली असतात, बुवा खाकरून घसा साफ करीत असतात. पखवाजवाल्याला मात्र घाई नसते. आज गाणारा कोण, त्याची पट्टी कोणती, मंडप उघडा की बंद, हवा सर्द की कोरडी, हा सगळा हिशेब त्या चिमूटभर कणकेत असतो. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या विलायती नियतकालिकात आपल्या मृदंगांवर लिहिले आणि शाई लावलेल्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात कसे बसतात ते जगाला सांगितले. पण खर्ज किती ठेवावा आणि किती काढावा, हे त्याआधी शेकडो वर्षे आमच्या पखवाजवाल्यांच्या नखाला ठाऊक होते.

हे आठवावयाचे कारण वेगळेच आहे. दसऱ्या-पाडव्याला आमच्या जिल्ह्यात घरोघर नव्या गाड्या येतात. गाडी शोरूममधून देवळात जाते, देवळातून घरी येते, सुवासिनी तिला ओवाळतात. आणि तिसऱ्या दिवशी घरातला मुलगा तिला टेपवाल्याच्या दुकानात नेऊन उभी करतो. कॅसेटची टेप गाडीतून गेली त्याला पुष्कळ वर्षे झाली, पण दुकानाचे नाव राहिले. तिथे मागे ‘बुफर’ बसतो, पुढच्या पडद्यावर पाच-सात रेघा असलेला ‘इक्वलायझर’ उघडतो, आणि मग संध्याकाळभर त्या रेघा वर-खाली होत राहतात. सरतेशेवटी दोन्ही टोके वर आणि मधला भाग खाली, अशी हसऱ्या तोंडासारखी आकृती पडद्यावर उमटते आणि मुलगा समाधान पावतो. मागच्या सीटवर बसलेल्या आजीला मात्र गाण्यातला एक शब्द कळत नाही. आजीचे कान गेले, असा घरात निकाल लागतो. त्या निकालाविरुद्ध थोडे बोलावे, एवढाच या लेखाचा हेतू.

इक्वलायझर म्हणजे बरोबरी करणारा. कोणाची कोणाशी बरोबरी? याचे उत्तर मोटारीत नाही, टेलिफोनच्या तारेत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारा लांब-लांब जाऊ लागल्या, तेव्हा असे दिसले की बोलणे पोहोचते पण समजत नाही. जाड, खालचे स्वर वाट काढीत. बारीक, वरचे स्वर वाटेतच झिजून जात. ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या इंग्रजाने १८८७ साली, तारेने आवाज बिघडवू नये म्हणून काय केले पाहिजे, याचे गणित मांडले. हा गृहस्थ सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला. पुढचे सगळे घरी बसून शिकलेला. (मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या आम्हां मास्तरांना तेवढाच आधार!) त्याच विचारावर पुढे अमेरिकेत प्युपिन या प्राध्यापकाने पेटंट मिळवले आणि पैसाही त्यालाच मिळाला. असो.

यानंतरची जी युक्ती निघाली ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. झिजलेले बारीक स्वर नुसत्या गुंडाळ्यांच्या आणि कपॅसिटरांच्या जाळ्याने वाढवता येत नाहीत; असे जाळे काही देऊ शकत नाही, फक्त घेऊ शकते. म्हणून तारेच्या शेवटी असे जाळे बसवले की जे जाड स्वर जास्त उरले आहेत तेच तेवढे कमी व्हावेत, आणि सगळे एका पातळीला आले की मग सगळेच एकदम मोठे करावेत. बरोबरी झाली ती अशी, जास्तीचे काढून. पखवाजवाला नखाने कणीक खरवडतो तीच ही चाल. आज गाडीतल्या रेघा वर ओढताना या यंत्राचा जन्म खाली ओढण्यासाठी झाला होता, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आवाज साठवण्याच्या कलेतही हाच खटाटोप दिसतो. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानने ग्रामोफोनसाठी गायिले ते भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून. वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. आवाजाच्या धक्क्यानेच सुई हलायची. अशा मुद्रणात साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढाच पट्टा नीट उतरे. खालचा तबला पुसट, वरचे सकार-शकार नाहीसे. पण मधला गळा मात्र जसाच्या तसा. जुन्या तबकड्यांतून माणूस अजून ओळखता येतो तो यामुळेच. १९२५ मध्ये विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि खालचे-वरचे स्वर हाती लागले, तशी नवी अडचण उभी राहिली. खर्ज पुरता कोरला तर तबकडीवरची वळणे इतकी रुंद होत की शेजारची चाकोरी फुटे. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम दाबावयाचा, तार स्वर मुद्दाम चढवावयाचे. आणि वाजवताना उलट करावयाचे, म्हणजे तार स्वर उतरताना त्यांच्याबरोबर सुईची खरखरही उतरते. प्रत्येक कंपनीचे हे दाबण्या-चढवण्याचे माप मात्र वेगळे, त्यामुळे एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रावर नाकात बोलल्यासारखी वाजे. १९५४ साली अमेरिकेतल्या कंपन्यांनी एक माप ठरवले आणि पुढे तेच जगात चालले. त्या मापाप्रमाणे अगदी खालचा स्वर वाजवताना जवळजवळ २० डेसिबल वर उचलावा लागतो आणि अगदी वरचा तितकाच खाली आणावा लागतो. म्हणजे आपण निवांतपणे तबकडी ऐकत होतो तेव्हाही आत एक इक्वलायझर मुकाट्याने काम करीत होता.

बोलपटांनी ही कला थिएटरात नेली. १९३२ साली ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, त्या दशकात तिकडे आरसीए कंपनीचा इंजिनियर जॉन व्होल्कमन थिएटरातला आवाज सुधारण्यासाठी हाताने बदलता येणारा इक्वलायझर वापरीत होता. कारण प्रत्येक थिएटर आवाजाला आपापला रंग देते. आमच्या जत्रेतल्या तंबूत तो प्रश्नच नव्हता. कापडाच्या भिंतीतून खर्ज निघून जाई आणि शेजारच्या शेतातला जागल्या फुकट ऐके. पुढे १९५२ साली पीटर बॅक्सँडल या इंग्रजाने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक छोटी विद्युत्-रचना छापली. खर्जाला एक बटण, तार स्वराला एक बटण. जगभरच्या रेडिओंवर ‘बेस’ आणि ‘ट्रेबल’ अशी जी जोडी आपण पाहिली, तिच्यातली बहुतेक त्या रचनेची लेकरे. त्याच साली सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि गावात ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याच्या ओट्यावर बुधवारी रात्री माणसे दाटू लागली.

मोटारीत आवाज शिरला तो १९३० साली. शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीसाठी रेडिओ काढला आणि ‘मोटर’ला एक ‘ओला’ जोडून त्याचे नाव मोटोरोला ठेवले. दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टने युरोपातला पहिला काढला. आपल्याकडे १९४८ मध्ये नागपूर आकाशवाणी सुरू झाल्यावर वऱ्हाडाला घरचे केंद्र मिळाले. पण रेडिओ बाळगावयाचा तर पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे, आणि मोटार बाळगणाराच मुळी तालुक्याला दोन-चार. तेव्हा मोटारीतले संगीत ही आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकलेली नव्हे, पाहिलेली गोष्ट.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटाखालचा आणि घाटावरचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे रेल्वेवर. खामगावला कापसासाठी १८७० सालीच जलंबहून फाटा आला. घाटावर मात्र बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा यांना आजतागायत रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाच्या मागणीवर पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. त्यामुळे घाटावरच्या माणसाचे सगळे येणे-जाणे रस्त्याने, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत एसटी चुकली की काळीपिवळी जीपने. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा बसत, दोघे मागे लोंबत, आणि ड्रायव्हर अर्ध्या सीटवर तिरपा बसून गाडी हाके. त्याच्या गुडघ्याशी टेप असे. फिलिप्सने १९६३ साली काढलेली ती हाताच्या पंजाएवढी कॅसेट ऐंशीच्या दशकात स्वस्त झाली आणि थेट आमच्या वाडी-वस्तीवर पोहोचली. ज्यांच्या गाण्यांना रेडिओवर क्वचितच जागा मिळे ते सगळे गायक या जीपमधून गावात आले. प्रल्हाद शिंदे यांचा विठ्ठल तिथे ऐकला, वामनदादा कर्डकांची भीमगीते तिथे ऐकली. ज्या घरात टेप नव्हती त्या घरातल्या माणसाला दहा रुपयांच्या तिकिटात दोन्ही बाजू ऐकावयास मिळत.

त्या टेपखाली दुसरी एक पेटी असे. तिच्यावर सात सरकत्या कळा आणि आवाजाबरोबर नाचणारे लाल-हिरवे दिवे. ड्रायव्हरांच्या भाषेत तिचे नाव ‘बूस्टर’. कळांच्या खाली ६०, १५०, ४००, मग १ हजार, पुढे २४००, ६०००, १५ हजार असे आकडे. आकडे कोणी वाचीत नसे. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पार वर, मधल्या तीन पार खाली, अशी मांडणी मी नोकरीच्या पहिल्या वर्षांत शेकडो जीपमध्ये पाहिली. राजूर घाटात एकदा ड्रायव्हरला म्हटले, “अरे, मधल्या कळा जरा वर घे, शब्द ऐकू येऊ दे.” तो हसून म्हणाला, “बेस नसला त पाशिंजर बसत नाई, गुरुजी.” त्याच्या व्यवसायाचे सत्य होते ते. स्टँडवर उभ्या चार जिपांत जिचा ठोका लांबून ऐकू येई तिच्यात पोरे आधी शिरत.

पण ड्रायव्हरला खर्ज का वाढवावासा वाटतो, याला त्याच्या धंद्यापलीकडचीही कारणे आहेत. पहिले कानाचे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवले की आवाज लहान असताना आपला कान खर्जाला फार बहिरा असतो. आवाज मोठा झाला की तो बहिरेपणा कमी होतो. जुन्या टेपवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे ते याच उपायासाठी, हळू ऐकताना खर्ज भरून काढण्यासाठी. आणि आमच्याकडे ते पूर्ण आवाजातही कायम दाबलेले असे! दुसरे कारण रस्त्याचे. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेऊ लागले की त्यातून सेकंदाला शंभर स्फोट होतात, म्हणजे १०० हर्ट्झची घरघर. घाट चढताना दुसऱ्या गिअरमध्ये नेमकी हीच घरघर, आणि डग्ग्याचा-ढोलकीच्या धुमेचा मुक्काम याच परिसरात. चाकांचा आवाजही बहुतेक खालचाच. गाण्याचा खर्ज त्यात बुडतो, म्हणून माणूस तो चढवतो. आणि गाडी थांबली, इंजिन बंद झाले, की तोच खर्ज काचा हलवू लागतो.

तिसरे कारण त्या पेटीच्याच आकाराचे आहे, जिला आपण मोटार म्हणतो. पन्नास हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. गाडीची खोली दोन मीटरांची. ही लाट तीत मावत नाही, तेव्हा सगळी हवाच एकदम दाबली आणि सोडली जाते, आणि काचा बंद असल्या तर अगदी खालचा खर्ज आपोआप फुगतो. उलट बारीक स्वरांची दैना. कर्णा दारात, गुडघ्याच्याही खाली. बारीक स्वर सरळ रेषेत जाणारे, ते पायांवर आपटतात, सीटच्या कापडात मुरतात, जे उरतात ते काचेवरून परततात. शिवाय चालक उजवीकडे, त्यामुळे उजवा कर्णा हातभर अंतरावर आणि डावा पार पलीकडे. म्हणजे मोटारीला खर्ज मुळातच जास्त मिळालेला आहे, आणि आपण तिला आणखी तोच वाढतो.

मोटारीच्या या स्वभावाचा मुळापासून विचार करणारा माणूस बापाकडून आपल्याच देशाचा निघाला, हे सांगताना बरे वाटते. अमर बोस यांचे वडील ननीगोपाल बोस बंगालातले क्रांतिकारक. इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून सुटून १९२० मध्ये अमेरिकेत गेले. मुलगा एमआयटीत शिकला आणि तिथेच शिकवू लागला. १९६८ साली त्याने जी कर्ण्यांची प्रसिद्ध जोडी काढली तिच्याबरोबर स्वतंत्र इक्वलायझर दिला होता. त्याशिवाय ती जोडी वाजवावयाचीच नाही, अशी तिची बांधणी. पुढे जनरल मोटर्सच्या १९८३ सालच्या काही उंची मोटारींसाठी त्याने प्रत्येक गाडीची आतली खोली मोजून, कर्णे कुठे बसवावयाचे आणि कोणता स्वर किती काढावयाचा-घालावयाचा, हे कारखान्यातच ठरवून दिले. त्याच साली डिसेंबरात आपल्याकडे पहिली मारुती रस्त्यावर आली.

आता आजीकडे वळू. मराठीत टाळ, काळ, बाळ, माळ, गाळ, जाळ हे शब्द घ्या. फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. स्वराला जोर असतो, तो खाली असतो. व्यंजन हलके, क्षणभराचे, आणि त्याची ओळख बहुतेक हजार-दोन हजार हर्ट्झच्या वर, स-श तर त्याच्याही वर. बूस्टरच्या ज्या मधल्या कळा खाली ओढल्या जातात तिथेच ट, क, प, त यांचा संसार. शिवाय १९२४ साली वेगेल आणि लेन यांनी मोजून दाखवले आहे की मोठा खालचा स्वर आपल्या वरच्या स्वरांना झाकून टाकतो. वरचा मात्र खालच्याला तितका झाकत नाही. तेव्हा ‘टाळ’ असो की ‘काळ’, आजीपर्यंत फक्त ‘आळ’ पोहोचतो. तरुण कान अंदाजाने भरून काढतो, कारण गाणे त्याला पाठ असते. वय झालेल्या कानाचे वरचे स्वर आधीच थोडे गेलेले असतात. त्याला मधला भाग हा शेवटचा आधार. प्रल्हाद शिंद्यांच्या अभंगातून किंवा भीमगीतातून शब्द काढून घेतला तर ठोका उरतो. वामनदादांनी जन्मभर शब्दच दिले. पुस्तक न वाचता आलेल्या कितीतरी मायबहिणींनी बाबासाहेबांचे विचार त्या गाण्यांवाटे घेतले, आणि जीपमध्ये त्यांच्या वाट्याला मधल्या तीन कळा खाली ओढलेल्या आल्या, याचे मला अजून वाईट वाटते.

विजेचाही हिशेब आहे. कुठलीही कळ तीन डेसिबल वर नेली की तेवढ्या पट्ट्यासाठी दुप्पट शक्ती लागते. दहा नेली की दसपट. बारा व्होल्टांच्या बॅटरीवर जुन्या साध्या टेपची खरी शक्ती चार-पाच वॉट, आणि आजच्या चांगल्या डेकची एका कर्ण्याला अठरा-वीसच्या घरात. डब्यावर ५० लिहिलेले असते ते क्षणभराचे, जाहिरातीचे. खर्ज दहा डेसिबल चढवला की ही शक्ती पहिल्याच ठोक्यात संपते, लाटांची डोकी छाटली जातात, आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजाने वरचा छोटा कर्णा जळतो. टेपवाला मग नवा कर्णा विकतो. त्याचीही दिवाळी होते.

ज्याला हे टाळावयाचे त्याने गाडी सावलीत उभी करावी, काचा लावाव्यात, सगळ्या रेघा मधोमध आणाव्यात. ‘लाउडनेस’, ‘बेस बूस्ट’, ‘रॉक’, ‘पॉप’ अशी जी बटणे असतील ती बंद करावीत. आवाज डावीकडे थोडा झुकवावा, म्हणजे चालकालाही गाणारा समोर वाटेल. मग ओळखीचे एखादे भजन लावावे; ज्यात पखवाज आहे, टाळ आहे आणि एकच गळा आहे असे. डोळे मिटून ऐकावे. घुमते ते बहुधा १५०-२०० च्या आसपास. ती रेघ दोन-तीन घर खाली. टाळ कानात टोचत असतील तर सहा हजारांची थोडी खाली. गळा तरीही मागे वाटला तर लगेच मधली वर नेऊ नये. आधी बाकीच्या आणखी जरा उतरवाव्यात आणि मग एकूण आवाज मोठा करावा. मागच्या सीटवर घरातले सर्वांत वडील माणूस बसवावे आणि त्याला शब्द विचारावेत. शाळेत शुद्धलेखन घालताना मी शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारतो, तसे. तास-दोन तास रोज मोठ्याने ऐकणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ८५ डेसिबल आवाज कानाला दिवसाला आठ तास सोसतो असे तज्ज्ञ मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते.

आता जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. मेहकर आणि सिंदखेडराजावरून ७०१ किलोमीटरची सिमेंटची वाट, मोटारींना ताशी १२० पर्यंत मुभा. सिमेंटावर चाके डांबरापेक्षा जास्त बोलतात. त्या वेगाला गाडीत एकसारखी खालची हूं चालू असते, आणि तिच्यावर मात करण्यासाठी मुले खर्जाची रेघ चढवीत नेतात. काही नव्या गाड्या हे वेग पाहून स्वतःच करतात आणि वेग उतरला की परत खाली आणतात. ज्यांत ही सोय नाही त्या गाड्या चढवलेला खर्ज तसाच घेऊन मेहकरला खाली उतरतात आणि चहाच्या टपरीपुढे उभ्या राहतात. टपरीवाला तेव्हा एका हाताने थरथरणारी काचेची बरणी धरतो आणि दुसऱ्या हाताने चहा गाळतो.